विमान झालं, माणूस राहिला

कोल्हापुरात पन्नास सालाच्या आगेमागे ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या बऱ्याच जोडप्यांना मी विमानात बसवलं आहे. घरात जुना अल्बम असेल तर काढून बघा. नवरा पुढच्या भोकात, बायको मागच्या भोकात, खाली कापसासारखे ढग, आणि दोघांच्या चेहऱ्यावर दवाखान्यात इंजेक्शनची वाट बघत बसल्याचे भाव. ते विमान प्लायवूडचं होतं. महाद्वार रोडवरच्या एका फोटो स्टुडिओसाठी मी ते कापून रंगवलं होतं. मागं बसायला दोन स्टुलं ठेवलेली असत. एकदा एक पैलवान आले, त्यांची छाती काही भोकात मावेना. गिऱ्हाइकाचा मान राखायला मालकांनी मला बोलावून भोक मोठं करून घेतलं. तेव्हापासून बाकीची माणसं त्यात विहिरीत पडल्यासारखी दिसायला लागली.

मी मूळचा पाट्या रंगवणारा. संस्थान विलीन झालं तेव्हा गावातल्या कितीतरी कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, त्या काळात आम्हा पेंटर लोकांना जेवायला फुरसत नव्हती. एरवी दुकानांच्या पाट्या आणि फोटोवरून मोठी तैलचित्रं, असं माझं चालायचं. विमानांच्या वाटेला मी आपण होऊन गेलो नाही. तिकडं मला नेलं ते निकमसाहेबांनी.

निकम म्हणजे महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढाऊ विमान चालवून आलेले फ्लाइट लेफ्टनंट. नोकरी सोडून ते कोल्हापुरात परतले आणि त्यांनी एक ट्रक घेतला. हातकणंगल्याकडच्या गुऱ्हाळांवरून गूळ उचलायचा आणि शाहूपुरीत आणून उतरवायचा, हा त्यांचा धंदा. ट्रकच्या परवान्यासाठी फोटो लागतो म्हणून ते त्या स्टुडिओत आले. मी तेव्हा प्लायवूडच्या विमानाचा उडालेला रंग पुन्हा लावत होतो. त्यांनी विमानाला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पोट बघितलं आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी मोठ्या रुबाबात मान हलवली.

“पावणं, तुमचं इमान उडंल,” ते म्हणाले, “पण गोल गोल फिरंल. एक पंख दुसऱ्यापेक्षा हातभर मोठा हाय.”

मी त्यांना चित्रकलेचा नियम समजावून सांगितला. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मी लांबचा पंख मोठा केलाय, एवढंच बोटानं दाखवलं. मालक हसले. मी दुसऱ्या दिवशी करवत घेऊन गेलो.

तिथून आमची ओळख वाढली. गूळ उतरवून झाला की साहेब माझ्या दुकानात येऊन बसत. कपड्यांना काकवीचा चिकट वास. हवाई दलातला अधिकारी येतोय हे मला आधी माश्यांवरून कळायचं. चहा येईपर्यंत ते कागदावर पेन्सिलीनं विमानं काढून दाखवत आणि मी शिकत असे. विमान म्हणजे पंख लावलेली मोटार, अशी माझी तोवरची समजूत होती. हरिकेन नावाचं जे विमान ते चालवत, त्याचं शेपटीकडचं अंग कापडानं मढवलेलं असतं, हे ऐकून मला ते थट्टा करताहेत असंच वाटलं होतं. इंजिनाच्या धुरानं विमानाच्या कुशीवर काळा ओघळ पडतो, तो नसेल तर विमान दुकानातून आणलेलं खेळणं वाटतं, हेही त्यांनीच सांगितलं.

साहेबांच्या ओळखीनं मग एकेक निवृत्त वैमानिक माझ्याकडं येऊ लागले. सांगलीचे आले, बेळगावचे आले. प्रत्येकाला दिवाणखान्यात लावायला आपलं विमान हवं असे, आणि त्या विमानात आपण. ह्या कामात खरी अडचण कुठली, ते सांगतो. वैमानिक उडायला बसला की डोक्यावर चामडी टोपी, डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क. माणूस कोण आहे हे त्याच्या आईलाही ओळखू येणार नाही. आणि चित्र करून घेणाऱ्याला तर चेहराच पाहिजे असतो. ह्यावर मी तोडगा काढला होता. विमान जमिनीवर उभं करायचं, बसायच्या जागेवरची काच मागं सरकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा, मास्क गळ्याशी लोंबता ठेवायचा. उडत्या विमानाच्या पंख्याची पाती दिसत नाहीत, नुसतं धुरकट चक्र दिसतं. तसं रंगवलं की पंखा विसरलात म्हणून गिऱ्हाइकं परत यायची. विमान उभं ठेवल्यामुळं तोही प्रश्न सुटला.

जयसिंगपूरच्या एका गृहस्थांची गंमत सांगण्यासारखी आहे. त्यांना आपल्या विमानाच्या मागं जपान्यांचं विमान पेट घेऊन कोसळताना हवं होतं. वर पंखांवर तिरंगा हवा होता. मी हो म्हणालो. संध्याकाळी निकमसाहेबांना सांगितलं तर ते चहा सांडेपर्यंत हसले. त्या गृहस्थांनी सगळं युद्धभर डाकोटा चालवलं होतं. डाकोटा म्हणजे माल वाहायचं मोठं विमान, त्याला एकही बंदूक नसते. डोंगरात अडकलेल्या पलटणींना ते त्यातून तांदूळ, डाळ आणि जिवंत मेंढ्या पोचवत. आणि तिरंगा तर तेव्हा लागायचाच होता. मी धीर करून डाकोटाच रंगवलं. पोटातून छत्र्या सुटताहेत, खाली जंगलात शिपाई हात वर करून धावताहेत. गृहस्थ पंधरवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढं कळलं की आल्यागेल्याला ते चित्र दाखवतात, आणि त्या खालच्या शिपायांपैकी एकानं म्हणे त्यांना नंतर जयसिंगपूर स्टेशनवर ओळखून मिठी मारली. खरंखोटं मी विचारलं नाही.

असं सगळं मजेत चाललेलं असताना एके दिवशी निकमसाहेब माश्यांशिवाय आले. अंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट. त्यांना चित्र करून घ्यायचं होतं, पण स्वतःचं नाही.

त्यांनी एक फोटो पुढं ठेवला. हरिकेनसमोर दोघं उभे. एक साहेब. दुसऱ्यानं ऐन फोटोच्या वेळी गंमत म्हणून चष्मा आणि मास्क चढवलेला. तो यशवंत. हातकणंगल्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. कोल्हापुरात शिकला, फुटबॉल खेळला आणि साहेबांच्या मागोमाग हवाई दलात गेला. ब्रह्मदेशात दोघं एकाच तुकडीत होते. एका उड्डाणानंतर तो परत आला नाही. त्याच्या आईसाठी हे चित्र. चेहऱ्याचं काय, म्हणून मी विचारलं. साहेब म्हणाले, आधी विमान होऊ दे.

मी विमान केलं. मग सुरू झाल्या साहेबांच्या दुरुस्त्या. पंखातून पुढं आलेल्या तोफांच्या नळ्या वीतभर आखूड आहेत. केल्या लांब. विमानाच्या अंगावर गोल निशाण असतं, त्याच्या मधोमध मी तांबडा ठिपका दिला होता, कारण विलायती मासिकात तसा होता. साहेब म्हणाले, तांबडा पुसा. जपान्यांचं निशाण तांबडं, म्हणून ब्रह्मदेशात आपल्या विमानांवरचा तांबडा काढून टाकलेला होता, नाहीतर आपलेच लोक आपल्याला पाडतील. पुसला. मग चाकांवरचा चिखल. ब्रह्मदेशचा चिखल आणि पन्हाळ्याचा चिखल यांत काय फरक असतो, ह्यावर माझा अख्खा आठवडा गेला. साहेब येत, चित्रासमोर उभे राहत, मान तिरकी करत आणि काहीतरी नवीन काढत. चित्रातल्या काचेमागं चेहऱ्याच्या जागी मात्र नुसतं मातकट रंगाचं ठिगळ होतं. त्याचा विषय काढला की त्यांना ट्रकचं टायर आठवायचं.

घरी मी रोज कुरकुरत असे. एकदा माझी बायको तारा चपात्या लाटता लाटता म्हणाली, “चित्र पुरं झालं की त्यांना ते घेऊन त्या पोराच्या आईकडं जावं लागणार ना?” आणि पुढची चपाती तव्यावर टाकली. इतके महिने ब्रश माझ्या हातात होता आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या खेपेला साहेबांनी शेपटीच्या चाकाचं काढल्यावर मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, चाक करतो, पण आज तुम्ही मला त्याच्याबद्दल सांगायचं. मला वाटलं, उठून जातील. ते बसले.

टेहळणीला विमानं जोडीनं जायची, असं त्यांनी सांगितलं. पुढचा वैमानिक खाली बघायचा. पूल, रस्ते, झाडाखाली लपवलेल्या गाड्या. मागच्यानं खाली बघायचंच नाही. तो डावीउजवीकडं झुलत पुढच्याची पाठ राखायचा, कारण खाली बघणाऱ्याला वरून येणारा शत्रू दिसत नसतो. साहेब पुढं असत आणि यशवंत मागं. त्या दिवशी एका नदीवरचा पूल शाबूत आहे का ते बघायचं होतं. डोंगरावर ढग उतरले होते. साहेबांनी पूल नीट बघून घेतला, विमान वळवलं आणि मागं बघितलं, तर मागं नुसते ढग.

“त्याचं काम माझ्या पाठीकडं बघायचं,” साहेब म्हणाले. “त्याच्या पाठीकडं बघायला कुणीच नव्हतं की हो.”

घरी जी तार गेली, तीत बेपत्ता असा शब्द होता. यशवंतच्या आईनं गावातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला त्याचा अर्थ विचारला, आणि गेला असं म्हणायचा धीर एकालाही झाला नाही, हे साहेबांना नंतर कळलं होतं. गूळ उचलायला त्यांचा ट्रक वर्षानुवर्षं त्याच गावावरून जात होता. तिच्या दारासमोरून. ते त्या दारापाशी कधी उतरले नव्हते.

मी ब्रश पुन्हा उचलला. शेपटीचं चाक तेवढं दुरुस्त केलं.

पुढं जे झालं ते ट्रकच्या ड्रायव्हरमुळं. हा ड्रायव्हर फार बोलका. गुऱ्हाळावर गूळ भरताना त्यानं कुणाला तरी सांगितलं की आमच्या साहेबांनी तुमच्या गावच्या विमानवाल्या पोराचं चित्र करायला टाकलंय. चार दिवसांनी दुपारी एक म्हातारी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी. हिरवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मी पेंटर आहे का म्हणून तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन थेट चित्रासमोर बसली. तिला सगळे अक्का म्हणत. मीही म्हणू लागलो.

अक्कांनी विमान या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. इतक्या बारकाईनं माझं चित्र साहेबांनंतर त्यांनीच बघितलं असेल.

“गाडी झक्क केलीस,” त्या म्हणाल्या. “आन् माझं पोरगं कुठाय?”

मी म्हटलं, चेहरा दिसेल असा फोटो नाही. त्यांनी भाकरीच्या फडक्यातूनच एक फोटो काढला. शाळेच्या फुटबॉल टीमचा. मागच्या रांगेत कडेला यशवंत, चेहरा मोहरीएवढा, आणि तोही हललेला. कधी एका जागी उभा राहिलाय का तो, असं अक्का तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. मग मी कोळशाची कांडी घेतली आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. गाल भरलेले. भुवया जुळलेल्या. डावा कान जरा पुढं आलेला, कारण मास्तर तोच धरायचे. मी काढत होतो, त्या खोडत होत्या. एखाद्या कपड्याच्या दुकानात बसून नको ती लुगडी बाजूला सारावीत, तशा त्या माझी नाकं बाजूला सारत होत्या.

हे चाललं असताना निकमसाहेब आले. त्यांना पंख्याच्या पात्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. ते वाक्य त्यांनी दारातच सुरू केलं आणि अक्कांना बघून तिथंच सोडलं. अक्कांनी वळून त्यांच्याकडं बघितलं आणि बस म्हणून खूण केली. साहेब बसले. लष्करी माणूस हुकमाला लवकर बसतो.

मग त्यांना राहवेना. ते म्हणाले, गाल इतके भरलेले नव्हते, तिकडं गेल्यावर बसले होते. अक्का म्हणाल्या, माझ्या पोराचे गाल मला म्हाईत न्हाईत व्हय? साहेब म्हणाले, कपाळ उन्हानं रापलं होतं. अक्कांनी तेवढं मान्य केलं. मग साहेब हळूच म्हणाले, मिशी राहिली.

“मिशी?” अक्का म्हणाल्या. “माझ्या यशवंताला मिशी हुती?”

“व्हय अक्का. तिकडं गेल्यावर राखली त्यानं.”

“मोठी?”

“न्हाय. बारीक. रोज आरशात बघून कातरायचा. आम्ही चिडवायचो.”

अक्का माझ्याकडं वळल्या आणि काढ म्हणाल्या. मी मिशी काढली. काय सांगू, त्या मिशीबरोबर हनुवटी आपोआप जागेवर आली. इतका वेळ कागदावर शाळकरी पोरगा होता, आता तिथं एक जवान बसला. अक्का कागद हातात घेऊन उजेडाकडं गेल्या. आणखी काय केलं त्यानं तिकडं, म्हणून विचारलं. साहेबांनी सांगितलं. तो तंबूत मांजर पाळायचा. पत्त्यांत लबाडी करायची त्याला सवय होती. एकदा स्वयंपाक्याला रजेवर पाठवून सगळ्यांना झुणका करून घातला होता आणि तो करपला होता. अक्का प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होत्या. त्यांच्या पोराची ही वर्षं त्यांनी बघितलेलीच नव्हती, आणि ती सगळी ह्या माणसाकडं शिल्लक होती.

मग त्यांनी कागद खाली ठेवला. तू त्याला पडताना बघितलंस का, असं सरळ विचारलं.

साहेबांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच. पूल, ढग, मागं वळून बघणं. मी माझे ब्रश पुसत राहिलो, स्वच्छ होते तेसुद्धा.

अक्कांनी विचारलं, ज्या पुलासाठी गेला होतात तो बघून झाला होता का. साहेब म्हणाले, झाला होता, खबर वेळेवर पोचली. अक्कांनी ते मनाशी एकदा घोळवलं. रडल्या नाहीत. साहेबांवर नजर रोखून म्हणाल्या, “आन् इतकी वर्सं माझ्या दारावरनं ट्रक न्हेतोस. ड्रायव्हरच्या बाजूला टोपी खाली वढून बसतोस. मला काय दिसत न्हाई? एकदा तरी खाली उतरायचंस की रं.”

अक्कांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि आम्हा दोघांच्या हातावर अर्धी अर्धी भाकरी, वर मिरचीचा खर्डा ठेवला. ते खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं तर ते खर्ड्याचं, असं म्हणायची सोय झाली.

चेहरा मी आठवड्यात रंगवून पुरा केला. साहेबांनी त्यात एकही चूक काढली नाही. मला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

चित्र वाकळेत गुंडाळून, गुळाच्या ट्रकमधून आम्ही गावी नेलं. साहेब वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. ड्रायव्हरनं ती उणीव भरून काढली. पुढं साहेब दर खेपेला त्या दारापाशी उतरू लागले, अक्कांच्या हातचं जेवून इतके सुटले की जुना गणवेश त्यांना कमरेत येईना, ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मात्र ते ट्रकमधून सगळ्यांच्या शेवटी उतरले.

अक्कांच्या घराच्या पुढच्या सोप्यात एका बाकावर चित्र ठेवलं. गाव जमलं होतं. माणसं आधी विमानाकडं बघत आणि मग चेहऱ्याशी येऊन गप्प होत. एका म्हाताऱ्यानं मिशीला हरकत घेतली, तर अक्कांनी त्याला असं काही झापलं की जणू त्यांनीच ती वाढवली असावी. मग गावातल्या जुन्या मास्तरांनी झेंडूचा हार पुढं केला आणि सगळे जागच्या जागी थांबले. तैलचित्रं करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. जिवंत माणसाच्या चित्राला हार घालत नाहीत. त्या घरात अजून कुणी गेला हा शब्द उच्चारला नव्हता. हार आणून आपण चूक केली की काय, असं मास्तरांनाही वाटत असावं.

अक्कांनी हार घेतला. दोन्ही हातांत धरून त्या चित्रापुढं उभ्या राहिल्या. बाहेर ड्रायव्हर कुणाला तरी ट्रकमधून खाली उतर म्हणून सांगत होता, तेवढं ऐकू येत होतं. मग अक्का निकमसाहेबांकडं वळल्या.

“तू घाल,” त्या म्हणाल्या. “माझा हात पुरंना.”

बाक बुटका होता. चित्राची वरची कड अक्कांच्या खांद्याला लागत होती. साहेब पुढं आले, त्यांनी टाचा जुळवल्या, सलाम केला आणि हार घातला. तो वाकडा पडला, निम्मा चेहऱ्यावर आला. साहेबांना ते दिसत नव्हतं. अक्का पुढं झाल्या आणि त्यांनी तो स्वतःच्या हातानं खाली सारखा केला. मग सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, “चला, पानं वाढल्यात. थंड व्हतंय.”